स्कायलरचं काय चुकलं?

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागात वॉल्टर व्हाइटचा पन्नासावा वाढदिवस असतो. त्याची बायको स्कायलर नाश्त्याच्या ताटलीत बेकनच्या पट्ट्यांनी ५० हा आकडा मांडून देते. बेकनही शाकाहारी, नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढू नये म्हणून. घरात पैशांची ओढाताण, मुलाला सेरेब्रल पाल्सी, पोटात दुसरं बाळ. तरी ताटलीत आकडा उमटतो.

२००८ ते २०१३ या पाच वर्षांत ही बाई प्रेक्षकांच्या डोळ्यांत इतकी खुपली की तिच्या द्वेषासाठी फेसबुकवर पानं निघाली. ही भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन हिला ठार मारण्याची भाषाही झाली. शेवटी ऑगस्ट २०१३ मध्ये तिने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हे सगळं जाहीरपणे मांडलं.

आता वॉल्टरचा हिशेब पाहा. हा रसायनशास्त्राचा शिक्षक कर्करोगाचं निदान झाल्यावर मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो. एक तरुण मुलगी डोळ्यांदेखत गुदमरून मरत असताना हात बांधून उभा राहतो, एका लहान मुलावर विषप्रयोग करतो. स्कायलर काय करते? खोटं पकडते, जाब विचारते, घटस्फोट मागते. तो घर सोडायला तयार होत नाही, तेव्हा दुसऱ्या पुरुषाजवळ जाते. पुढे त्याचा काळा पैसा पांढराही करते. ती काही सती-सावित्री नाही. पण लोकांनी धरून ठेवलं ते तिचं कटकट करणं आणि तो परपुरुष.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: कॅमेरा वॉल्टरच्या खांद्यावर आहे. आजाराचं गुपित आपल्याला तिच्या आधी कळतं, आपण त्याचे साथीदार होतो, मग आडवी येणारी ती नकोशी वाटते. यात तथ्य आहे. पण मग हँकचं काय? वॉल्टरचा हा साडू अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी. वॉल्टरच्या वाटेत त्याच्याइतकं आडवं कुणीच येत नाही. तरी असा द्वेष त्याच्या वाट्याला आला नाही. पुरुष आडवा आला की तो कर्तव्यदक्ष, बायको आडवी आली की ती कजाग. हा फरक कॅमेऱ्याने केलेला नाही, आपण केला आहे.

आपल्याकडेही २०१६ मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा आमची मावशी रोज रात्री टीव्हीसमोर नायक गुरुनाथच्या प्रेयसीला, शनायाला, शिव्या घालायची. लग्न गुरुनाथचं झालेलं, मूल गुरुनाथला, थापा मारणाराही तोच. मी एकदा म्हटलं, “मावशी, संसार तर त्याने मोडला ना?”

“अगं, त्या सटवीनेच नादी लावलं त्याला,” ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, “पुरुषाची जात!”

मावशीच्या तरुणपणी काकांचंही एक प्रकरण झालं होतं. त्या बाईचं नाव ती आजही घेत नाही. काकांचा डबा मात्र एक दिवसही चुकला नाही.