खिशातील दिवाणजी : इटलीच्या शहरांत प्रवास करताना

आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांची मुले हल्ली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी असतात, आणि त्या निमित्ताने आम्हां वयस्कांसही विमानात बसण्याचा योग येतो. गेल्या वर्षी जून महिन्यात धाकट्या चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता इटलीत तीन आठवडे राहून आलो. चिरंजीव मिलान येथे आपल्या कामात गुंतलेले. त्यामुळे रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस ही शहरे आम्ही दोघांनीच पाहिली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते आणि इटालियन भाषेचा तर गंधही नाही. अशा स्थितीत हातातील मोबाईलने दिवाणजीप्रमाणे जी चाकरी बजावली, तिची माहिती सभासदांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम नकाशा. गूगल मॅप्समध्ये त्या त्या शहराचा नकाशा बिऱ्हाडी बसूनच उतरवून घ्यावा, म्हणजे इंटरनेट नसतानाही आपण कोठे उभे आहोत ते कळते. कोणती बस वा मेट्रो पकडावी, कोठे उतरावे, हे सांगण्यास मूव्हिट हे ॲपही चांगले आहे.

रेल्वेसाठी ट्रेनीतालिया व इतालो ही दोन ॲप्स घ्यावीत. पहिले सरकारी रेल्वेचे, तर दुसरे २०१२ सालापासून धावणाऱ्या खाजगी वेगवान गाड्यांचे. वेगवान गाडीने रोम ते फ्लॉरेन्स हा प्रवास सुमारे दीड तासाचा आहे. या गाड्यांचे तिकीट जितके आधी घ्यावे तितके बहुधा स्वस्त पडते. हंगामापूर्वीच्या सौद्यासारखाच हा प्रकार. प्रादेशिक गाड्यांचे भाडे मात्र अंतरावर ठरलेले असते. परंतु येथे एक मेख आहे. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर छाप उमटवावा लागतो. आम्ही एकदा हे विसरलो व पदरचा दंड भरला. चूक आमचीच होती. तिकीट ही हुंडी समजावी. सकारल्याखेरीज तिला किंमत नाही. ‘शोपेरो’ म्हणजे संप, हा शब्दही लक्षात ठेवावा. संपाची सूचना बहुधा आगाऊ मिळते, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व सायंकाळी ६ ते ९ या वेळांत ठराविक प्रादेशिक गाड्या सोडल्या जातात.

मिलान व रोम येथील मेट्रोत बँकेचे कार्ड फाटकावरील यंत्रास लावले की काम भागते; मात्र प्रत्येकाने आपले स्वतंत्र कार्ड लावावे. आपल्या यूपीआयवर तेथे विसंबून राहू नये. व्हेनिसमध्ये बसऐवजी ‘व्हापोरेत्तो’ या बोटी चालतात. तेथे २०२४ सालापासून काही ठराविक दिवशी, केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करावी. रोमच्या कोलोसियमचे तिकीट नावानिशी असते, म्हणून पासपोर्टवरील नावच घालावे. मिलान येथील लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हे चित्र पाहण्यास अवघी १५ मिनिटे मिळतात, आणि त्याचेही आरक्षण फार आधी करावे लागते.

आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न, तो जेवणाचा. गूगल ट्रान्सलेटमध्ये इटालियन भाषा उतरवून घेऊन पदार्थांच्या यादीवर कॅमेरा धरला की मजकूर वाचता येतो. तरीही ‘उओवा’ म्हणजे अंडी, ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी, ‘अच्चुगे’ म्हणजे एक प्रकारची मासळी, ‘चिपोल्ला’ म्हणजे कांदा व ‘आल्यो’ म्हणजे लसूण, हे शब्द पाठच करावेत. ‘सेन्झा’ म्हणजे ‘शिवाय’. चीजच्या वेष्टनावर ‘काल्यो’ हा शब्द दिसला की सावध व्हावे. ते दूध नासवण्याचे विरजण असून पुष्कळदा वासराच्या जठरातून काढलेले असते. प्रसिद्ध पार्मेजान चीजमध्ये ते असतेच. मूळचा धान्याचा व्यापारी असल्याने एक गोष्ट मला विशेष भावली. इटलीच्या १९६७ सालच्या कायद्याप्रमाणे तेथील सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीच्या गव्हाच्या, रव्याचाच करावा लागतो. त्यात बहुधा अंडे नसते. ताज्या पास्त्यात मात्र पुष्कळदा असते. शाकाहारी उपाहारगृहे शोधण्यास हॅपीकाऊ हे ॲप उपयोगी पडते. रात्रीचे भोजन तेथे साडेसातच्या सुमारास सुरू होते. जूनमध्ये सूर्यास्त पावणेनऊ-नऊला असल्याने चौविहार पाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींचे कसेबसे निभावले. डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा शिदोरी जवळ हवीच.

एवढे गुण गायिल्यावर दोषही सांगितला पाहिजे. व्हेनिसमध्ये रिआल्तो पुलाजवळच्या गर्दीत आमची चुकामूक झाली. तेथील सिमकार्ड एकाच, म्हणजे माझ्या मोबाईलमध्ये होते, आणि दिवसभर नकाशा पाहून त्याची बॅटरी नेमकी संपली. परक्या मुलखात, त्या अरुंद गल्ल्यांतून तासभर मी वेड्यासारखा फिरलो. अखेर वाट विचारीत बिऱ्हाडी पोहोचलो, तो सौभाग्यवती दारातच बसलेल्या! सूनबाईंनी पत्ता लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी कमरेच्या बटव्यात जपली होती. ती बोटीवरच्या माणसाला दाखवून त्या नीट परतल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “अहो, तुमचा तो दिवाणजी निजला वाटते!”

त्या दिवसापासून आम्ही काही नियम केले. दोन्ही मोबाईलमध्ये स्वतंत्र सिम घातले, व्हॉट्सॲपवर एकमेकांचे ठिकाण दिसेल अशी सोय केली, बॅटरी भरण्याचे साधन सोबत बाळगू लागलो, आणि पत्त्याची चिठ्ठी दोघांच्याही खिशात ठेवली. चुकामूक झाल्यास कोठे थांबावे, हेही घरातून निघतानाच ठरवू लागलो. अडचणीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक फिरवावा. ‘व्हेर आर यू’ हे ॲप असल्यास आपण कोठे आहोत हेही मदत करणाऱ्यांस कळते.

पेढीवर दिवाणजी कितीही हुशार असला, तरी तिजोरीची किल्ली धन्याच्याच कमरेला असावी, असे आमचे वडील सांगत. मोबाईलच्या बाबतीतही तोच न्याय लावावा. त्याची चाकरी अवश्य घ्यावी. पण पत्ता, पासपोर्टची प्रत आणि थोडी रोकड ही आपल्याच जवळ असू द्यावी.