कौटुंबिक समारंभातील मनोगत आणि सभाधीटपणा

षष्ट्यब्दीपूर्ती, अमृतमहोत्सव किंवा सहस्रचंद्रदर्शन अशा सोहळ्यांत ‘घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोला’ असा आग्रह होतो. एरवी परक्यांसमोर न डगमगणारी व्यक्तीही अशा वेळी अडखळते, कारण श्रोते ओळखीचे असतात आणि विषय जिव्हाळ्याचा असतो.

छाती धडधडणे, तोंडाला कोरड पडणे, हात थरथरणे ही सभाभीतीची लक्षणे होत. धोक्याची चाहूल लागताच शरीरात अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक स्रवते. त्याचा हा परिणाम असतो. तो दुबळेपणा नव्हे. बोलणे सुरू झाल्यावर तो बहुधा ओसरू लागतो. म्हणून पहिली दोन वाक्ये तोंडपाठ असावीत.

या संदर्भात उखाण्याचे उदाहरण लक्षात घ्या. चारचौघांत सहसा न बोलणाऱ्या स्त्रियाही लग्नकार्यात उखाणा घेतात. तो छोटा असतो, आधी ठरवलेला असतो आणि नाव घेतले की संपतो. भीती माणसांपेक्षा आकार नसलेल्या बोलण्याची अधिक असते, हे यावरून दिसते. मनोगतालाही असा आकार देता येतो :

१. प्रारंभ : सत्कारमूर्तींशी असलेले आपले नाते एका वाक्यात सांगावे.

२. मध्य : गुणांची यादी न देता एकच प्रसंग सांगावा. ‘आजी फार प्रेमळ आहे’ यापेक्षा ‘माझ्या दहावीच्या वर्षी आजी पहाटे चारला उठून माझ्यासाठी चहा ठेवत असे’ हे वाक्य अधिक बोलके आहे.

३. शेवट : सत्कारमूर्तींकडे पाहून कृतज्ञता व्यक्त करावी आणि थांबावे.

यासाठी दोन-तीन मिनिटे पुरेशी असतात. घड्याळ लावून, मोठ्याने, निदान चार-पाच वेळा सराव करावा. हाती संपूर्ण भाषण न ठेवता मुद्द्यांचे टिपण ठेवावे. कंठ दाटून आला तर क्षणभर थांबावे. घरची माणसे तेवढी वाट पाहतात.

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा वयाच्या ८० वर्षांनंतर होतो. मनातील कृतज्ञता पुष्कळदा शोकसभेतच प्रथम उच्चारली जाते. तेव्हा ती ऐकायला ती व्यक्ती नसते. हे ध्यानात आले की ‘मी कसा दिसेन’ या प्रश्नाऐवजी ‘त्यांना काय ऐकू यावे’ हा प्रश्न पुढे येतो. सभाधीटपणाचा आरंभ तेथेच होतो.

स्वाध्याय : आपल्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीविषयी एक प्रसंग निवडून दोन मिनिटांचे मनोगत तयार करा आणि ते त्यांच्यासमोरच सादर करा.