बेघर निवारा

बेघर निवारा (अन्य नावे: रात्र निवारा, निवारागृह) म्हणजे स्वतःचे वा भाड्याचे घर नसलेल्या व्यक्तींना छप्पर, अंथरूण-पांघरूण, पाणी व स्वच्छतागृह यांची सोय पुरविणारे सार्वजनिक ठिकाण. महाराष्ट्रात असे निवारे महानगरपालिका किंवा नगरपरिषदा उभारतात व बहुधा स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवितात. येथील वास्तव्य ऐच्छिक असते. राहणारी व्यक्ती आपल्या इच्छेने येते व आपल्या इच्छेने जाऊ शकते.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७.७ लाख बेघर व्यक्तींची नोंद झाली. पदपथ, पुलाखालची जागा, रेल्वे फलाट, देवळाचा मंडप अशा ठिकाणी राहणाऱ्यांचा या गणनेत समावेश होता. मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीतील कडाक्याच्या थंडीच्या पार्श्वभूमीवर त्याच न्यायालयाने निवाऱ्यांबाबत आदेश दिले. पुढे मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा व तो वर्षभर चालू राहावा, असे धोरण रूढ झाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला.

निकष व सुविधा

अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका निवाऱ्यात ५० ते १०० व्यक्तींची सोय असावी आणि प्रत्येकास किमान ५० चौरस फूट जागा मिळावी. हवेशीर खोल्या, पिण्याचे पाणी, स्नानगृह व शौचालय, दिवाबत्ती, स्वच्छ बिछाना, प्रथमोपचार पेटी, डासप्रतिबंध, अग्निसुरक्षा व सामाईक स्वयंपाकघर या सोयी अपेक्षित आहेत. पुरुष, स्त्रिया, कुटुंबे, तसेच वृद्ध, आजारी व मनोरुग्ण अशा विशेष गरजा असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी वेगवेगळे निवारे असू शकतात. निवारा बसस्थानक, रेल्वेस्थानक, बाजारपेठ यांसारख्या रोजगाराच्या जागांजवळ असावा, असाही निकष आहे. कामाच्या ठिकाणापासून दूर असलेला निवारा मजुराच्या उपयोगाचा राहत नाही, हे त्यामागील कारण होय.

प्रवेशापूर्वी जाणून घेण्याच्या बाबी

निवारा कोणासाठी आहे, दार केव्हा बंद होते, दिवसा थांबता येते का, सामान ठेवण्यास कुलूपबंद जागा आहे का आणि जेवण मिळते का, ही माहिती आधीच घेणे हिताचे ठरते. प्रवेशाच्या वेळी नोंदवहीत नाव लिहिले जाते. उत्पन्न असलेल्यांकडून अल्प शुल्क घेण्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. मद्यपान व अमली पदार्थांस सामान्यतः मनाई असते. औषधे, चष्मा व महत्त्वाची कागदपत्रे शक्यतो अंगाजवळ ठेवावीत.

कागदपत्रे नसणे हीच बहुतेक बेघरांची मोठी अडचण असते. त्यामुळे ओळखपत्र, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, बँक खाते, मुलांचा शाळाप्रवेश व कायदेविषयक साहाय्य मिळवून देण्यास मदत करणे हेही निवाऱ्याचे काम मानले आहे. बेघर व्यक्तीस मतदार म्हणून नोंदणी करता येते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री भेट देऊन ती व्यक्ती सांगितलेल्या जागी झोपते याची खात्री करतो. तशी खात्री पटल्यास निवासाचा लेखी पुरावा लागत नाही.

एकट्या सापडलेल्या अठरा वर्षांखालील मुलास प्रौढांच्या निवाऱ्यात न ठेवता चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. बालकांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ व ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे मदत क्रमांक आहेत.

भिक्षेकरीगृहाहून वेगळेपण

निवारा व भिक्षेकरीगृह यांत अनेकदा गल्लत केली जाते. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यान्वये भीक मागताना आढळलेल्या व्यक्तीस न्यायालयाच्या आदेशाने पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात डांबून ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. बेघर असणे हा मात्र गुन्हा नाही, आणि निवाऱ्यात कोणालाही बळाने ठेवता येत नाही. या दोहोंतील फरक न कळल्याने धरपकडीच्या भीतीने काही जण निवाऱ्याकडे फिरकत नाहीत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील स्थिती

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवली, कुडाळ ही शहरे लहान असून त्यांपैकी एकही लाखाच्या निकषात बसत नाही. त्यामुळे येथील बेघरपण महानगरांइतके ठळक दिसत नाही. उत्तर भारतात थंडी जीवघेणी ठरते, तर या किनाऱ्यावर खरी कसोटी जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात लागते. उघड्यावर राहणाऱ्यास त्या काळात बसस्थानक, देवळाचा सभामंडप किंवा दुकानाची पडवी एवढाच आडोसा उरतो. कुडाळ तालुक्यातील पणदूर येथे जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम निराधार, वृद्ध व रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांचा सांभाळ करतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भटकणाऱ्या मनोरुग्णास पोलिसांनी संरक्षण द्यावयाचे असते. त्यास कोठडीत न ठेवता चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. बेघर मनोरुग्णास मोफत उपचाराचा हक्कही या कायद्याने दिला आहे.

गावातील निवाऱ्याच्या चौकशीसाठी नगरपरिषदेचे वा नगरपंचायतीचे कार्यालय हे पहिले ठिकाण होय. सोयींविषयीची तक्रारही तेथे मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी देता येते.

धर्मशाळा व निवारा

धर्मशाळा ही यात्रेकरू वा परगावच्या रुग्णांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी असते. संत गाडगे महाराजांच्या प्रेरणेने राज्यात अनेक धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईतील दादर येथील धर्मशाळेत बाहेरगावचे कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. धर्मशाळेतील पाहुण्यास परतण्यासाठी घर असते, निवाऱ्यात येणाऱ्यास बहुधा ते नसते. म्हणून केवळ रात्रीची झोप नव्हे, तर पुन्हा स्थिर जीवनाकडे जाण्याचा मार्ग मिळवून देणे हे निवाऱ्याचे उद्दिष्ट मानले जाते.