फाळक्यांचा वाटाणा

रामकुंडावर स्नान आटोपून काळाराम मंदिराकडे व सीतागुंफेकडे वळणाऱ्या भाविकाला पंचवटीतील सीताहरणाची कथा नव्याने सांगावी लागत नाही. हीच कथा पडद्यावर आणणारे धुंडिराज गोविंद फाळके याच परिसरातले. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविल्यानंतर आपले बिऱ्हाड नाशकात हलविले. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असे सांगतात.

प्रेक्षक ज्याला चमत्कार समजून हात जोडीत, तो घडविणारा मनुष्य मात्र प्रयोगशाळेतल्यासारखा काम करीत होता. मध्येच थांबविलेला कॅमेरा, एकाच फितीवर दोनदा घेतलेले चित्र, हे त्या चमत्कारामागचे गणित. त्याचा पाया एका वाटाण्याने घातला होता.

१९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फितीला भोके पाडणारे यंत्र यांची निवड करून परतले. चित्रपटांच्या ध्यासापायी त्यापूर्वीच काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. अशा माणसाला भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडेथोडे चित्रण करीत राहिले. अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंतची सारी वाढ मिनिटभराच्या फितीत सामावली. डोळ्यांना कधीच न दिसणारी गती डोळ्यांसमोर आली. ‘अंकुराची वाढ’ पाहूनच काहींनी कर्ज देऊ केले. फितीला भोके पाडणे, ती रासायनिक द्रावणात धुणे, ही कामे सरस्वतीबाई घर सांभाळून करीत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव घेतले पाहिजे.

१९६९ पासून फाळक्यांच्या नावाने दिला जाणारा सन्मान बहुतांशी नट-नट्या, दिग्दर्शक व गायकांकडे जातो. त्यात गैर काही नाही. परंतु आपल्या शाळांतून विज्ञान अजूनही पाठ केलेली उत्तरे आणि प्रयोगवहीतील नक्कल यांपुरते उरते, तेव्हा फाळक्यांच्या वारशाचा मोठा भाग आपण वाऱ्यावर सोडला, असेच म्हणावे लागते. फाळके १९४४ साली नाशकातच, विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या स्मारकासमोर मुलांना रांगेत उभे करणे सोपे आहे. वर्गाच्या खिडकीत एक कुंडी ठेवून रोजची वाढ महिनाभर नोंदविण्यास लावणे किंचित अवघड, कारण त्यासाठी शिक्षकालाही महिनाभर थांबावे लागते. कुंडीला व वाटाण्याला सरकारी अनुदान लागत नाही.