निकाल भरघोस, पण गणिताला शिक्षक कोण?

दहावीचा निकाल लागला की सिंधुदुर्ग जिल्ह्याचे नाव पहिल्या पानावर येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, या दोनच जिल्ह्यांचे कोकण मंडळ राज्यात वर्षानुवर्षे अव्वल ठरत आले आहे. अलहम्दुलिल्लाह, आनंदच आहे. पण तेवढ्या टक्केवारीवर विसंबून मुलांची शाळा ठरवली, तर आपली फसगत होईल.

2011 च्या जनगणनेत हा राज्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा. साडेआठ लाखांहूनही कमी. वाड्या विखुरलेल्या, शाळांचे पट छोटे. दहावीत दहाच मुले असली आणि एक नापास झाले, तर निकाल 90 टक्के. शंभर मुलांच्या शाळेत त्याच एका मुलामुळे तो 99 होतो. शिवाय 35 गुणवाला आणि 95 गुणवाला, दोघेही उत्तीर्णांत सारखेच मोजले जातात. फरक अकरावी विज्ञानाच्या वर्गात कळतो, तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

खरी तफावत त्याआधीची आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत 60 पर्यंत पटाला दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते पाचवीच्या पाच इयत्ता दोघांत वाटलेल्या. एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याने पाचही वर्ग सांभाळायचे. शेजारच्या मराठी शाळेतून तात्पुरते गुरुजी आणता येतात. उर्दू शाळेला तीही सोय नाही, कारण त्यांना उर्दू यायला हवी.

पुढे उर्दू हायस्कूल दूर असते, म्हणून मूल गावच्या मराठी शाळेत जाते. तिथे मुसल्लसचा त्रिकोण होतो, जाविया कोन होतो, जर्बचा गुणाकार होतो. हिशेब येत असतो, प्रश्नच समजत नाही. आम्ही शिक्षक मंडळी अशा मुलाला पटकन 'कच्चा' म्हणतो, हे बरे नव्हे. सुट्टीत घरी दोन्ही भाषांतली गणिताची पुस्तके शेजारी ठेवून बसावे. बालभारती ती दोन्ही भाषांत काढते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. आपल्या भगिनी तिथे सही करून परततात. पुढच्या सभेत त्यांनी विचारावे : सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा शिक्षक कोण आहे? नसेल, तर मागणीचे पत्र कधी गेले? आणि त्या पत्राची पोच मागून घ्यावी.