कोपिंगचा औषधविक्रेता

पावसाळ्यात आपल्या विहिरींत ब्लीचिंग पावडर पडते, त्या उग्र दर्पाशी एका परक्या गावच्या औषधविक्रेत्याचे नाते आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. क्लोरीन वायू १७७४ साली प्रथम वेगळा केला तो स्वीडनच्या कार्ल व्हिल्हेल्म शेले याने. प्राणवायूही त्याला प्रीस्टलेच्या आधीच गवसला होता. पण ग्रंथ छापून निघाला १७७७ साली, आणि तोवर श्रेय दुसरीकडे गेले होते. आम्हांस त्याची आठवण होते ती मात्र निराळ्याच कारणाने. कोपिंग या लहानशा गावी औषधालयाचा मालक वारला. मागे विधवा पत्नी राहिली. शेलेने १७७५ साली ते दुकान सांभाळावयास घेतले, आणि बाहेरून मानाची बोलावणी आली तरी तो तेथून हलला नाही. गिऱ्हाइकांची औषधे देऊन उरलेल्या वेळात त्याचे प्रयोग चालत. द्रव्ये चाखून पाहण्याची त्याला खोड होती (रसायनज्ञांच्या त्या पिढीची ती रीतच म्हणा ना!), विषांनीच बहुधा त्याचा घात केला. मे १७८६ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मृत्युशय्येवरूनच त्याने त्या विधवेशी विवाह केला. औषधालय तिच्या नावे निर्वेधपणे राहावे, एवढाच हेतू होता. दोन दिवसांनी तो गेला.