कंत्राटदार पाहावा पावसाळ्यात

‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्याने ते कधी दुरुस्त करून पाहिले नसावे. नवे घर रिकाम्या जागेवर उभे राहते. दुरुस्ती मात्र आपण त्यात राहत असताना, आपल्या चहाच्या कपात सिमेंट उडवीत चालते. त्यातून घर अलिबागेत, म्हणजे खारा वारा बाराही महिने मुक्कामाला!

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. दुपारच्या काही तासांत वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि माजघरावरची मंगलोरी कौले अंगणात आली. पावसाळा तोंडावर, टाळेबंदीमुळे कारागीर आपापल्या गावी, आणि कौलांसाठी सगळेच एकदम धावत सुटलेले. जो पहिला ‘उद्या येतो’ म्हणाला, त्याच्या हातावर आम्ही निम्मे पैसे ठेवले. दोन दिवस काम करून, निळी ताडपत्री बांधून तो जो गेला तो गेलाच. सासूबाई ऐंशीच्या घरात. त्यांचा पलंग आम्ही अख्खा पावसाळा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवीत होतो. पैशांपेक्षा तेच जास्त लागले.

ग्राहक आयोगाकडे जा, असे अनेकांनी सुचवले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. पण दाखवायचे काय? आम्ही साधी पावतीही घेतली नव्हती.

दिवाळीनंतर शहाणपण सुचले. दर विचारत फिरण्याऐवजी वादळानंतर दुरुस्त झालेल्या घरांत जाऊन विचारले, ‘यंदा गळलं का हो?’ आक्षी-नागावपर्यंत चार घरे पाहिली. दोघांनी उत्तरादाखल बादल्याच दाखवल्या. एक घर मात्र कोरडे होते. त्याच घराच्या मिस्त्रीला निरोप धाडला.

तो आला आणि थेट शिडीवर चढला. प्रत्येक वाशात पटाशी टोचून पाहिली. सगळे छप्पर उतरवून पत्रे घाला, असे आधी दोघे सांगून गेले होते. हा म्हणाला, ‘वहिनी, सातच वासे गेलेत. बाकीचा साग तुमच्या नातवंडांना पुरेल.’ स्वतःचे काम कमी करून सांगणारा कंत्राटदार मी प्रथमच पाहिला!

माल कोणाचा, रीपा कोणत्या लाकडाच्या, राडारोडा कोण उचलणार, हे त्याने कागदावर लिहून दिले. (निम्मी भांडणे या राडारोड्यावरूनच होतात.) फरशी किंवा रंग मोजता येतो, तो उक्ता द्यावा. जुने छप्पर उघडल्यावर आत काय निघेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते, तिथे रोजावरच बरे.

स्लॅबवाल्यांनी वाळूची चौकशी आधी करावी. समुद्राच्या वाळूतल्या मिठाने सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट तडकवते. चांगला कारागीर सैल काँक्रीट फोडून सळईचा गंज काढतो. नुसती लांबी भरून रंग फासणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर, ही आमची अट. ती ऐकून आधीचा एकजण चहा न घेताच उठला होता. मिस्त्रीने मात्र मान डोलावली. काम जानेवारीत आटोपले. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्यालगतून गेले. सासूबाईंनी रात्रभर पलंगाखाली बादली ठेवली होती. सकाळी मिस्त्री न बोलावता हजर! कोपऱ्यातले एक कौल सरकले होते, ते त्याने बसवले, बादली कोरडी असल्याची खात्री करून घेतली आणि मगच पैशांचे नाव काढले.